सुनावणीला कोण बसते: व्हँकूवरच्या डाउनटाउन ईस्टसाइडचे प्रकरण

2000 सालच्या उन्हाळ्यात कॅनडातील व्हँकूवर शहराने डाउनटाउन ईस्टसाइड या एका वस्तीपुरती नव्वद दिवसांची स्थगिती जाहीर केली. अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्यांसाठी कोणतीही नवी सेवा किंवा केंद्र या काळात तेथे मंजूर होणार नव्हते. शेजारच्या चायनाटाउन, गॅसटाउन आणि स्ट्रॅथकोना या भागांतले व्यापारी आणि घरमालक एकत्र आले होते आणि त्यांनी ही मागणी लावून धरली होती. त्यावर अमली पदार्थ वापरणाऱ्यांच्या संघटनेचे सभासद एक शवपेटी घेऊन थेट सिटी कौन्सिलच्या सभागृहात शिरले. फाइल थांबवता येते, ओव्हरडोसने होणारे मृत्यू थांबवता येत नाहीत, एवढेच त्यांना सभागृहापुढे मांडायचे होते.

नगरनियोजनात लोकसहभाग असावा हे आता सगळेच मान्य करतात. हरकती मागवल्या जातात, सुनावण्या होतात, नकाशे भिंतीवर लावले जातात. परंतु ज्या माणसांमुळे परिसराची किंमत उतरते असे इतरांना वाटते, ती माणसे त्याच परिसराची रहिवासी असतील, तर सुनावणीत त्यांना रहिवासी म्हणून बसवायचे की तक्रारीचा विषय म्हणून त्यांच्याविषयी बोलायचे, या प्रश्नाला बहुतेक शहरे बगल देतात. व्हँकूवरला ती बगल देता आली नाही, आणि म्हणून हे प्रकरण बारकाईने पाहण्याजोगे आहे.

वस्तीची घडण

डाउनटाउन ईस्टसाइड हा शहराच्या सर्वांत जुन्या भागांपैकी एक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेस्टिंग्ज स्ट्रीट ही शहराची मोठी बाजारपेठ होती. जंगलतोड, खाणकाम आणि मासेमारीवर राबणारे एकटे पुरुष हंगाम संपला की येथल्या स्वस्त हॉटेलांत उतरत. साधारण दहा फूट लांबरुंद खोली, तीत एक खाट आणि हात धुण्याचे बेसिन, आणि संडास-न्हाणीघर मजल्यावरच्या सगळ्यांना मिळून, अशी ही हॉटेले होती. हंगामी बिऱ्हाड म्हणून घेतलेल्या या खोल्यांत कामगार म्हातारे झाले आणि तेच त्यांचे कायमचे घर बनले.

कॅनडाच्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे मूळही याच परिसरात आहे, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. सप्टेंबर 1907 मध्ये व्हँकूवरमध्ये आशियाई लोकांविरुद्ध दंगल उसळली आणि चायनाटाउनची मोडतोड झाली. नुकसानभरपाईचे दावे तपासण्यासाठी पुढे पंतप्रधान झालेले मॅकेन्झी किंग तेव्हा एक सरकारी अधिकारी म्हणून आले, आणि दावेदारांमध्ये अफू तयार करणारे कारखानदारही आहेत हे त्यांच्या लक्षात आले. तोपर्यंत तो धंदा कायदेशीर होता. 1908 साली अफूवर बंदी घालणारा कायदा झाला. वस्ती, वर्ण आणि नशा यांची गाठ येथे शंभर वर्षांपूर्वीच पडली होती, हे ध्यानात ठेवले तर चायनाटाउनच्या व्यापाऱ्यांनी पुढे घेतलेली कडवी भूमिका निव्वळ दुकानदारी हिशेबाची होती असे म्हणता येत नाही. आपल्या गल्लीला पुन्हा एकदा अड्ड्याचे नाव चिकटेल, ही भीती त्यांच्या अनुभवातून आलेली होती.

या भागाला नियोजनाविरुद्ध लढण्याची सवयही जुनीच आहे. 1960 च्या दशकात शहराला चायनाटाउन आणि स्ट्रॅथकोनामधून द्रुतगती मार्ग न्यायचा होता आणि जुनी घरे पाडून वस्तीचे ‘नूतनीकरण’ करायचे होते. 1968 मध्ये तेथील घरमालक आणि भाडेकरूंनी, ज्यांत बहुसंख्य चिनी कुटुंबे होती, संघटना उभारली आणि बेत हाणून पाडला. तरीही त्या मार्गाचा एक तुकडा असलेले उड्डाणपूल झालेच, आणि त्यांच्यापायी कृष्णवर्णीयांची होगन्स ॲली ही छोटी वस्ती नकाशावरून पुसली गेली. 1973 साली हॉटेलांतल्या भाडेकरूंनी डाउनटाउन ईस्टसाइड रेसिडेंट्स असोसिएशन स्थापन केली. आग लागली तर पाणी फवारणारी यंत्रणा हॉटेलांत सक्तीची करा, इथपासून त्यांच्या मागण्यांना सुरुवात झाली. हेस्टिंग्ज आणि मेन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरची 1903 मधली कार्नेगी ग्रंथालयाची इमारत अनेक वर्षे ओस पडली होती. तिचे लोककेंद्र करा, या त्यांच्या मागणीला 1980 मध्ये यश आले.

पुढच्या घटना मात्र एकावर एक आदळत गेल्या. 1986 च्या जागतिक प्रदर्शनासाठी पर्यटक येणार म्हणून हॉटेलमालकांनी शेकडो जुन्या भाडेकरूंना बाहेर काढले, आणि त्यांना अडवणारा भाडेनियंत्रणाचा कायदा या खोल्यांना लागूच नव्हता. मनोरुग्णालयांतील खाटा कमी होत गेल्या, पण रुग्णांना समाजात राहण्यासाठी लागणारा आधार मिळाला नाही. 1993 मध्ये वुडवर्ड्स हे जुने मोठे दुकान बंद पडले आणि बाजाराचा कणाच मोडला. याच सुमारास स्वस्त कोकेन आणि अतिशुद्ध हेरॉइन बाजारात आले. कोकेन टोचून घेणाऱ्याला दिवसातून अनेकदा सुई लागते. त्यामुळे वापरलेल्या सुया बदलून देणारे येथले केंद्र उत्तर अमेरिका खंडातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक असूनही पुरे पडेना. 1997 च्या सुमारास झालेल्या पाहणीत सुईने नशा करणाऱ्या शंभर जणांमागे वर्षाला सुमारे 18 जणांना एचआयव्हीची नवी लागण होत असल्याचे आढळले. विकसित देशांत असा वेग कोणी पाहिला नव्हता. त्या वर्षी आरोग्य मंडळाने वस्तीत सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली.

संघटना आणि सभागृह

1997 च्या उन्हाळ्यात ओपेनहायमर पार्कमध्ये ओव्हरडोसने मेलेल्यांच्या नावाने हजार क्रूस रोवले गेले. त्याच पार्कमध्ये कवी बड ऑस्बर्न आणि कार्यकर्त्या ॲन लिव्हिंग्स्टन यांनी बोलावलेल्या सभांतून अमली पदार्थ वापरणाऱ्यांची संघटना आकाराला आली. व्हँकूवर एरिया नेटवर्क ऑफ ड्रग यूजर्स हे तिचे नाव, आणि सगळे तिला ‘व्हँडू’ म्हणूनच ओळखतात. तिच्या कार्यकारिणीत अमली पदार्थ वापरणारे किंवा पूर्वी वापरणारेच असतील, असा नियम सुरुवातीपासून ठेवला गेला. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत निर्णायक निर्णय हाच होता. सेवाभावी संस्था, डॉक्टर, समाजसेवक हे सगळे या लोकांच्या ‘वतीने’ आधीही बोलत होते. व्हँडूने फरक असा केला की गल्लीत सुई टोचणारा माणूस सभागृहात मायक्रोफोनसमोर उभा राहून आपला पत्ता सांगू लागला. आपल्याकडे गर्दुल्ला म्हणून ज्याला फुटपाथवरून हाकलतात, तो माणूस वस्तीचा रहिवासी म्हणून विषयपत्रिकेवर बोलत होता. खुद्द ऑस्बर्न यांची प्रादेशिक आरोग्य मंडळावर नेमणूक झाली होती, आणि आणीबाणीच्या ठरावासाठी त्यांनी तेथे आग्रह धरला होता.

मार्च 2000 मध्ये केंद्र, ब्रिटिश कोलंबिया प्रांत आणि शहर या तिन्ही सरकारांनी या वस्तीसाठी एकत्र काम करण्याचा ‘व्हँकूवर करार’ केला. नोव्हेंबरमध्ये शहराचा अमली पदार्थविषयक मसुदा आला. तो लिहिणारे डोनाल्ड मॅकफर्सन पूर्वी कार्नेगी केंद्राचे संचालक होते, म्हणजे वस्ती त्यांनी फाइलीत नव्हे तर दारातून पाहिलेली होती. झुरिक आणि फ्रँकफर्ट या शहरांचा अनुभव घेऊन त्यांनी प्रतिबंध, उपचार, कायद्याची अंमलबजावणी आणि हानी कमी करणे, म्हणजे नशा सुटली नाही तरी तिच्यातून होणारे आजार आणि मृत्यू टाळणे, असे चार खांब सुचवले. शहरभर सभा झाल्या, आणि त्या सभांत एक अनपेक्षित गट पुढे आला. पश्चिमेकडच्या सुखवस्तू भागांत ज्यांची मुले हेरॉइनच्या आहारी गेली होती, अशा आईवडिलांनी आपली संघटना काढली आणि मसुद्याला उघड पाठिंबा दिला. त्यानंतर हा प्रश्न केवळ ‘तिकडच्या’ लोकांचा आहे असे म्हणणे अवघड झाले. मे 2001 मध्ये सिटी कौन्सिलने मसुदा स्वीकारला.

विरोधकांचे म्हणणे नीट ऐकून घेण्यासारखे होते. त्यांचा युक्तिवाद असा की सगळ्या सेवा एकाच वस्तीत एकवटल्या की शहरभरातले व्यसनी तेथेच येतात, त्यांच्यामागोमाग विक्रेते येतात, मग दुकाने बंद होतात, रिकाम्या दुकानांसमोर आणखी विक्रेते उभे राहतात, आणि शहराच्या इतर भागांना हात झटकायला मोकळीक मिळते. यातला पहिला भाग अर्धाच खरा आहे, कारण माणसे सेवांच्या आधी तेथे आलेली होती आणि स्वस्त खोल्या शहरात दुसरीकडे उरल्याच नव्हत्या. शेवटचा भाग मात्र शंभर टक्के खरा होता. इतर भागांनी खरोखरच हात झटकले. व्यापाऱ्यांनी यावर सुचवलेला उपाय, म्हणजे आधी इथले बंद करा, हा चुकीचा होता. एचआयव्हीची साथ ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्यावरचा दवाखाना अडवून धरणे कोणत्याही न्यायाने समर्थनीय ठरत नाही. पण त्यांनी दाखवलेल्या दुखण्यावर शहराने औषध शोधले नाही, हेही तितकेच खरे आहे, आणि त्याचे परिणाम पुढे दिसले.

महापौर फिलिप ओवेन पुराणमतवादी, व्यापारीधार्जिण्या पक्षाचे होते. आधी स्थगितीच्या बाजूने असलेला हा माणूस लोकांना भेटत, वाचत, ऐकत चार खांबांच्या धोरणाचा कट्टर समर्थक झाला. त्याची किंमत म्हणून पक्षाने त्यांचा पाठिंबा काढला आणि 2002 च्या निवडणुकीत ते उभे राहिले नाहीत. ती निवडणूक जणू या एकाच प्रश्नावरचे सार्वमत ठरली. प्रांताचे माजी मुख्य कॉरोनर, म्हणजे अकस्मात मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी, लॅरी कॅम्बेल, ज्यांनी वर्षानुवर्षे हे मृतदेह पाहिले होते, ते महापौर झाले आणि त्यांच्या पक्षाला कौन्सिलच्या दहापैकी आठ जागा मिळाल्या. तरीही नर्सच्या देखरेखीखाली अमली पदार्थ टोचून घेता येतील असे केंद्र लगेच उघडले नाही. एप्रिल 2003 मध्ये पोलिसांनी वस्तीत मोठी मोहीम सुरू केली. लोक गल्ल्यांतून आणखी आडजागी ढकलले गेले, तेव्हा कार्यकर्त्यांनी कॅरल स्ट्रीटवर 327 क्रमांकाच्या गाळ्यात विनापरवाना केंद्र उघडले आणि सुमारे सहा महिने चालवले. सहभाग म्हणजे केवळ हरकतीचा अर्ज नव्हे. परवानगी रेंगाळली तेव्हा लोकांनी जागा वापरून दाखवली.

बारा कप्पे

सप्टेंबर 2003 मध्ये 139 ईस्ट हेस्टिंग्जवर ‘इनसाइट’ सुरू झाले. उत्तर अमेरिका खंडातले हे असे पहिले कायदेशीर केंद्र होते. ते चालवणारे प्रादेशिक आरोग्य मंडळ आणि पोर्टलँड हॉटेल सोसायटी ही जुन्या हॉटेलांत घरे चालवणारी संस्था, असे दोन भागीदार होते. रचना साधी आहे. दारात नाव, हवे तर टोपणनाव, नोंदवायचे; आत भिंतीलगत सुरुवातीला बारा कप्पे, प्रत्येकात स्टीलचा ओटा, समोर आरसा, एक खुर्ची. आरशामुळे नर्सला मागून चेहरा दिसतो. ओठ निळे पडू लागले की तिला लगेच कळते. निर्जंतुक सुई, पाणी, दंडाला बांधायचा पट्टा दिला जातो. अमली पदार्थ मात्र ज्याने त्याने आणायचा, नर्स तो टोचत नाही. नंतर थोडा वेळ कॉफी पीत बसायला एक खोली आहे. पुढे वरच्या मजल्यावर व्यसनमुक्तीसाठी खाटाही आल्या.

नियोजनाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे दोन परिणाम नोंदले गेले. केंद्र सुरू झाल्यावर आसपासच्या रस्त्यांवर उघड्यावर सुई टोचणे आणि फेकलेल्या सुया दोन्ही कमी झाल्याचे 2004 मधील अभ्यासात दिसले, म्हणजे व्यापाऱ्यांची जी मूळ तक्रार होती तिच्यावरच उतारा मिळाला. दुसरे असे की 2011 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार केंद्रापासून 500 मीटरच्या आत ओव्हरडोसचे मृत्यू 35 टक्क्यांनी घटले, तर उरलेल्या शहरात ती घट 9 टक्क्यांच्या आसपास होती. भूवापराचा एक निर्णय किती अंतरापर्यंत परिणाम करतो याचे इतके स्पष्ट मोजमाप नियोजनाच्या अभ्यासात क्वचितच हाती लागते. हाच आकडा दुसऱ्या बाजूनेही वाचायला हवा: चालत जाण्याच्या अंतरापलीकडे एका केंद्राचा उपयोग फारसा पोहोचत नाही.

2006 नंतर कॅनडाच्या केंद्रीय सत्तेतील हुजूर पक्षाच्या सरकारने, अमली पदार्थविरोधी कायद्यातून मिळालेली सूट संपवून, इनसाइट बंद करण्याचा प्रयत्न केला. वापरकर्ते, व्हँडू आणि चालक संस्था न्यायालयात गेले, आणि सप्टेंबर 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य असा निकाल देऊन केंद्र वाचवले. त्यावर 2015 साली सरकारने नवा कायदा आणला. त्याच्या नावातच स्थानिक समुदायांचा आदर होता, पण नवे केंद्र उघडायचे तर 26 अटी पुऱ्या कराव्या लागत: पोलीसप्रमुखांचे पत्र, स्थानिक सरकारचे पत्र, परिसराशी केलेल्या सल्लामसलतीचा अहवाल, असे बरेच काही. लोकसहभागाची भाषा तीच, पण तिचा उपयोग आता दार बंद करण्यासाठी होत होता. ज्या लोकांना केंद्राची गरज होती त्यांचे मत विचारण्यावर त्या यादीत भर नव्हता. 2017 मध्ये नव्या सरकारने अटी बऱ्याच सैल केल्या.

जमीन

सुईचा प्रश्न काही प्रमाणात सुटला, खोलीचा सुटला नाही. वुडवर्ड्सची रिकामी इमारत 2002 मध्ये बेघरांनी ताब्यात घेतली, तेव्हा परवडणारी घरे हवीत हीच त्यांची मागणी होती. शहराने इमारत विकत घेतली, दीर्घ सल्लामसलत केली आणि 2010 च्या सुमारास तेथे 200 सामाजिक घरे, म्हणजे सरकारी मदतीची कमी भाड्याची घरे, उभी राहिली, त्यांच्याबरोबर खुल्या बाजारातली 536. अनेकांनी याला यश मानले. वस्तीतल्या गरीब संघटनांनी मात्र लगोलग आसपासच्या भाड्यांकडे बोट दाखवले, आणि त्यांची चिंता रास्त होती.

2014 च्या मार्चमध्ये मंजूर झालेला स्थानिक आराखडा हा या अनुभवाचा परिपाक म्हणता येईल. त्याच्या समितीचे सहअध्यक्षपद वस्तीतील रहिवाशांच्या परिषदेकडे होते, आणि अल्प उत्पन्न गटातील लोकांना समितीत मोठे स्थान दिले गेले. ओपेनहायमर भागात नव्या बांधकामात 60 टक्के सामाजिक घरे आणि 40 टक्के भाड्याची घरे, विक्रीचे फ्लॅट नाहीत, असा नियम त्यातून निघाला. तीस वर्षांत वस्तीत 4,400 नवी सामाजिक घरे, हे उद्दिष्ट ठरले. पण घरे बांधण्याचा पैसा प्रांत आणि केंद्राच्या हातात, आणि भाडे भरण्याची ऐपत ठरवणारा सरकारी मदतीतला घरभाड्याचा वाटा 2007 पासून 2023 पर्यंत महिन्याला 375 डॉलरवर गोठलेला. एवढ्या पैशात हॉटेलातली खोलीसुद्धा मिळणे दुरापास्त झाले. नकाशावर लोकांनी जे मिळवले ते अंदाजपत्रकात त्यांच्या हाती आले नाही.

एप्रिल 2016 मध्ये फेंटानिल या हेरॉइनपेक्षा कितीतरी जहाल अमली पदार्थामुळे प्रांतभर पुन्हा आणीबाणी जाहीर झाली. त्या सप्टेंबरमध्ये कार्यकर्त्यांनी, त्यांत लिव्हिंग्स्टन पुन्हा होत्याच, हेस्टिंग्जच्या मागच्या गल्लीत तंबू ठोकला आणि नॅलॉक्सोन हे ओव्हरडोसवर उतारा देणारे औषध घेऊन बसले. डिसेंबरमध्ये प्रांतिक सरकारने अशा केंद्रांना अधिकृत केले. पण विष आता पुरवठ्यातच होते. शिवाय बहुतेक लोक टोचण्याऐवजी धूर ओढू लागले, आणि सुईसाठी बांधलेल्या बंदिस्त खोल्या त्यांच्या उपयोगाच्या राहिल्या नाहीत. धूर बाहेर जाईल अशी आच्छादलेली उघडी जागा दाट वस्तीत शोधणे हा नियोजकांपुढचा नवा प्रश्न झाला. 2023 मध्ये ब्रिटिश कोलंबियात 2,500 हून अधिक माणसे या विषारी पुरवठ्याने मेली, आणि त्यांतली मोठी संख्या या वस्तीच्या बाहेर, आपापल्या घरांत एकटी असताना मेली.

व्यापाऱ्यांनी 2000 साली मांडलेला मुद्दा येथे परत उभा राहतो. 2021 मध्ये येलटाउन या महागड्या टॉवरांच्या भागात, शहराच्या मालकीच्या जागेत, ओव्हरडोस रोखण्याचे एक केंद्र सुरू झाले. रहिवाशांनी संघटितपणे तक्रारी केल्या, भाडेकरार वाढवला गेला नाही, आणि मार्च 2024 अखेर ते बंद झाले. ज्यांच्याकडे वेळ, वकील आणि सभागृहात ओळखी आहेत त्यांचा सहभाग तेथे पुरेसा ठरला. केंद्रात येणारे लोक विखुरलेले होते, त्यांची तेथे व्हँडूसारखी संघटना नव्हती. 2014 च्या आराखड्याने सामाजिक घरांचा भार एका वस्तीवर न टाकता शहराच्या इतर भागांतही घरे बांधण्याचे धरले होते. या केंद्रांच्या जागा मात्र एकेका अर्जाने आणि एकेका भाडेकराराने ठरत राहिल्या. त्या जागा शहराच्या प्रत्येक भागात आराखड्यातच आधी राखून ठेवल्या असत्या, तर येलटाउनच्या रहिवाशांशी केंद्राची वेळ, दार कोणत्या बाजूला असावे, रांग कोठे लागावी आणि रात्रीचा पहारा कोणी द्यावा यावर बोलणे झाले असते, आणि त्या बोलण्यात त्यांच्या बऱ्याच रास्त तक्रारींना जागा मिळाली असती.